चौतीस मोजणार कोण?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: भाचा ओहायोत नोकरीला आहे. तो म्हणतो, अमेरिकेतली राज्यं एकत्र येऊन राज्यघटना बदलू शकतात आणि केंद्र सरकारला तुटीचं बजेट मांडायला बंदी घालू शकतात. त्यासाठी लागणारी ३४ राज्यं कधीच पूर्ण झालीत, पण तिथली संसद दाबून बसली आहे. हे कितपत खरं? आणि तिथली राज्यं दरवर्षी आपलं बजेट जुळवतात, तर केंद्राला काय धाड भरली आहे?

भाच्याचं पहिलं विधान बरोबर आहे. दुसऱ्यावर वकिलांचे दोन तट आहेत. शेवटचा प्रश्न मला सर्वात जवळचा, कारण अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधिमंडळासाठी बजेटचा हिशेब मांडणाऱ्या कार्यालयात मी बावीस वर्षं काढली. आमचं कार्यालय कुठल्याच पक्षाचं नव्हतं. विधेयक आलं की त्याला किती पैसा लागेल आणि तो कुठून येईल याचं टिपण जोडायचं, एवढंच काम. संतुलित बजेटची घटनादुरुस्ती मागणारा ठराव आमच्या टेबलावर आला, तेव्हा आम्ही टिपणात लिहिलं: राज्यावर आर्थिक भार, शून्य. कागदापुरतं ते खरंच होतं. ठराव छापून वॉशिंग्टनला धाडायला असा कितीसा खर्च? त्या शून्याकडे पुन्हा येते.

आधी रस्ता समजून घ्या. अमेरिकेच्या घटनेचं पाचवं कलम दुरुस्ती सुचवायच्या दोन वाटा देतं. पहिली, काँग्रेसच्या (म्हणजे त्यांच्या संसदेच्या) दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी दुरुस्ती सुचवायची. दुसरी, दोन तृतीयांश राज्यांच्या विधिमंडळांनी अर्ज करायचा, आणि मग काँग्रेसने दुरुस्त्या सुचवण्यासाठी परिषद बोलवायची. पन्नास राज्यांचे दोन तृतीयांश म्हणजे ३४. वाट कुठलीही असो, सुचवलेली दुरुस्ती तीन चतुर्थांश, म्हणजे ३८ राज्यांनी मान्य केल्याशिवाय घटनेत जात नाही. १३ राज्यं आडवी आली की संपलं. आजवरच्या सगळ्या २७ दुरुस्त्या पहिल्या वाटेने आल्या आहेत. दुसरी वाट घटनेत लिहून ठेवली आहे, पण तिच्यावरून अजून कुणी चाललेलं नाही.

ही दुसरी वाट आली कशी? १५ सप्टेंबर १७८७ ला, फिलाडेल्फियातली घटनासभा संपायला दोन दिवस असताना, व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसनने हरकत घेतली. काँग्रेसच जुलमी झाली, तर तिला वेसण घालणारी दुरुस्ती काँग्रेस स्वतः कशाला सुचवेल? मुद्दा पटला, कलमात राज्यांची वाट घातली गेली. घटनेच्या मुख्य शिल्पकारांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसनने तेव्हाच शंका काढली होती की अशा परिषदेचं स्वरूप काय, गणपूर्ती किती, हे कुठेच लिहिलेलं नाही. सगळ्यांना घरी जायची घाई होती. तो प्रश्न तसाच राहिला, तो आजतागायत.

हत्यार म्हणून मात्र ही वाट म्यानातूनच काम करते. सिनेट म्हणजे काँग्रेसचं वरचं सभागृह; त्याचे सदस्य, सिनेटर, पूर्वी राज्यांची विधिमंडळं निवडत असत. ते थेट लोकांनी निवडावेत ही मागणी सिनेट वर्षानुवर्षं अडवून धरत होती. राज्यांनी परिषदेसाठी अर्जांचा धडाका लावला, संख्या दोन तृतीयांशाच्या जवळ येऊ लागली, आणि १९१२ मध्ये काँग्रेसने स्वतःच दुरुस्ती सुचवून टाकली. १९१३ ची ती सतरावी दुरुस्ती. संतुलित बजेटवाल्यांच्या डोळ्यांसमोर तेच उदाहरण होतं.

त्यांची मोहीम १९७० च्या दशकाच्या मध्यावर उभी राहिली. मेरीलँडचे सिनेटर जेम्स क्लार्क (राज्याच्या सिनेटमधले, वॉशिंग्टनच्या नव्हे) सुरुवातीच्या खटपटीत होते, आणि नॅशनल टॅक्सपेअर्स युनियन या करदात्यांच्या संघटनेने ती देशभर नेली. सुरुवातीला कुणी फारसं लक्ष दिलं नाही. विधिमंडळात असे ठराव अधिवेशनाच्या शेवटी हात वर करून मंजूर होतात. मी स्वतः पाहिलंय, सदस्य डबा बांधायच्या तयारीत असतात. १९७९ पर्यंत संख्या ३० वर गेली, आणि त्या जानेवारीत कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी पाठिंबा दिला, तेही डेमोक्रॅट असून. मग वॉशिंग्टन दचकलं. १९८२ मध्ये सिनेटने ६९ विरुद्ध ३१ मतांनी दुरुस्ती मंजूर केली, हाउसमध्ये (खालच्या सभागृहात) २३६ विरुद्ध १८७ म्हणजे बहुमत मिळालं, पण दोन तृतीयांश नाही. १९८३ मध्ये मिसूरी हे ३२ वं राज्य ठरलं. दोनच उरली होती.

आणि तिथेच गाडी उलटी फिरली.

हा भाग लोकांना उलटा वाटतो. मोहीम बुडवली ती फक्त डाव्यांनी नव्हे, कट्टर उजव्यांनीसुद्धा. फिलिस श्लाफ्लाय यांची ईगल फोरम आणि जॉन बर्च सोसायटी यांचं म्हणणं असं की परिषद एकदा बसली की तिला लगाम नाही. बजेटसाठी जमतील आणि बंदुकीचा हक्क, धर्मस्वातंत्र्य, काय काय उलथून टाकतील. कारण १७८७ ची सभासुद्धा राज्यांमधल्या जुन्या करारात दुरुस्त्या सुचवण्यासाठी बोलावली होती आणि तिने नवी घटनाच लिहून दिली. माजी सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी १९८८ मध्ये श्लाफ्लाय यांना लिहिलेलं पत्र तर या वादातलं ब्रह्मास्त्र झालं. परिषदेला एका विषयापुरतं बांधून ठेवायचा परिणामकारक उपाय नाही, असं त्यांचं मत. त्याच वर्षी अलाबामा आणि फ्लोरिडाने आपले अर्ज मागे घेतले. मग एकेक करत लुईझियाना, युटा, नॉर्थ डकोटा, ॲरिझोना, व्हर्जिनिया... २०१० च्या सुमारास संख्या निम्म्यावर, १६ वर आली.

२०१० च्या नोव्हेंबरमधल्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी राज्याराज्यांतल्या शेकडो जागा जिंकल्या आणि मोहिमेत पुन्हा जीव आला. ज्या राज्यांनी 'परिषद बेफाम होईल' म्हणून अर्ज मागे घेतले, त्यांतल्या बऱ्याच राज्यांनी पुन्हा अर्ज केले: अलाबामा, फ्लोरिडा, जॉर्जिया, टेनेसी, युटा, दोन्ही डकोटा, वायोमिंग, ॲरिझोना. ओहायो २०१३ मध्ये आलं, मिशिगन २०१४ मध्ये, वेस्ट व्हर्जिनिया २०१६ मध्ये. दुसऱ्या बाजूने डेमोक्रॅटांच्या ताब्यातली विधिमंडळं जुने अर्ज रद्द करत होती: डेलावेअर २०१६ मध्ये, मेरीलँड, न्यू मेक्सिको आणि नेवाडा २०१७ मध्ये, पुढे कोलोरॅडो. ज्या मेरीलँडने सुरुवात केली तेच बाहेर. त्यामुळे २७-२८ च्या आसपास आकडा रुतून बसला आहे. एक आत येतो तोवर दुसरा बाहेर पडतो.

मग भाच्याचं '३४ कधीच झालीत' कुठून येतं?

सरळ आहे. रद्द केलेले अर्ज धरायचे की नाही, हे घटनेत लिहिलेलं नाही. मिशिगनने २०१४ मध्ये ठराव केला तेव्हा काहींनी हिशेब मांडला: मागे घेणं ग्राह्यच नाही असं मानलं, तर आजवर कधी ना कधी अर्ज केलेली राज्यं ३४ झाली. कॅलिफोर्नियाचे काँग्रेसमन डंकन हंटर यांनी सभापती जॉन बेनर यांना पत्र लिहून मोजणी करा म्हणून सांगितलं. याहून मजेदार हिशेब पुढे आला. काही जुने अर्ज विषय न सांगता सरसकट 'परिषद बोलवा' एवढंच म्हणतात, अगदी न्यूयॉर्कचा १७८९ चा अर्जसुद्धा. ते बजेटच्या अर्जांत मिळवले, तर संख्या १९७९ मध्येच भरली होती, असा दावा. टेक्ससचे जोडी ॲरिंग्टन यांनी २०२२ मध्ये त्या आधारावर परिषद बोलावण्याचा ठराव हाउसमध्ये मांडला. जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष व्हायच्या आधीचा कागद जेरी ब्राउनच्या काळातल्या कागदांना जोडायचा. वकील हे गंभीर चेहऱ्याने मांडतात. मी हिशेबनीस आहे, आमच्यात याला आकडा बसवणं म्हणतात.

पण त्यांना हसून भागत नाही, कारण उलट बाजूलाही ठोस नियम नाही. अर्ज किती वर्षं जिवंत राहतो? सगळ्यांची भाषा एकच हवी का? काही अर्जांत दुरुस्तीचा मसुदा शब्दशः आहे, काहींत नुसता विषय, काहींत 'काँग्रेसने स्वतः दुरुस्ती सुचवली तर आमचा अर्ज संपला' अशी अट. यातला एकही प्रश्न न्यायालयाने निकालात काढलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९३९ च्या कोलमन विरुद्ध मिलर खटल्यात, मान्यता देण्याच्या टप्प्यापुरतं, अशा गोष्टी बऱ्याचशा काँग्रेसवर सोडल्या. म्हणजे ज्या काँग्रेसला वेसण घालायची तिच्याच हातात मोजपट्टी. मेसनला जी भीती होती ती मागच्या दाराने परत आली.

आणि मोजपट्टी म्हणजे तरी काय? कित्येक दशकं हे अर्ज एका जागी नीट ठेवलेलेसुद्धा नव्हते. राज्याकडून पत्र यायचं, कामकाजाच्या नोंदीत एक ओळ पडायची, कागद कुठल्याशा समितीच्या कपाटात. २०१५ मध्ये हाउसने नियम केला, तेव्हापासून अर्ज संकेतस्थळावर लावले जाऊ लागले. अधिकृत बेरीज आजही कुणी करत नाही. घटनासभेतल्याच अलेक्झांडर हॅमिल्टनने १७८८ मध्ये बजावलं होतं की कलमातली भाषा आज्ञार्थी आहे, काँग्रेसने परिषद बोलवायचीच, त्यात तिच्या मर्जीचा प्रश्न नाही. खरं आहे. फक्त ३४ झाले की नाही हे जाहीर करण्याची आज्ञा कुणालाच नाही. म्हणून म्हटलं, 'दाबून बसली' हे अगदीच चूक नाही, पण दाबण्यासारखा ठाम आकडाही नाही.

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये ॲरिझोनाच्या विधिमंडळाने फिनिक्सला पूर्वतयारीची परिषद भरवली, १९ राज्यांचे प्रतिनिधी जमले. खऱ्या परिषदेसाठी नियमांचा मसुदा केला, त्यात एक राज्य एक मत. साडेतीन कोटींहून जास्त वस्तीच्या कॅलिफोर्नियाला एक आणि सहा लाखही माणसं नसलेल्या वायोमिंगलाही एक. तिथेच डेमोक्रॅटांचं उरलंसुरलं मन उडालं म्हणा.

आता शेवटचा प्रश्न: राज्यांना जमतं, केंद्राला का नाही?

व्हरमाँट सोडलं तर सगळ्या राज्यांत बजेट संतुलित ठेवण्याची काही ना काही सक्ती आहे. मोहिमेचा हाच हुकमी एक्का. पण 'संतुलित' म्हणजे काय? आपल्याकडची घरं पगारातून किराणा भरतात आणि फ्लॅट कर्जावर घेतात. राज्यंही तेच करतात. रस्ते, पूल, विद्यापीठांच्या इमारती वेगळ्या भांडवली बजेटमध्ये जातात, त्यासाठी रोखे काढले जातात. सक्ती मुख्यतः रोजच्या खर्चाच्या खात्यावर. केंद्रात मात्र विमानवाहू जहाज आणि शिपायाचा पगार एकाच वहीत. केंद्राला राज्यांसारखं वागा म्हणणाऱ्यांनी आधी वही कुठली हे सांगायला हवं, ते बहुतेक जण सांगत नाहीत.

आणि रोजच्या खात्यातसुद्धा काय चालतं ते ऐका. २००९ मध्ये कॅलिफोर्नियाने कर्मचाऱ्यांचा ३० जूनचा पगार १ जुलैला ढकलला. अमेरिकेत बहुतेक राज्यांचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. एका दिवसाच्या फरकाने एक पगार पुढच्या वर्षात, आणि या वर्षाचं बजेट जुळलं. आपल्याकडे 'मार्च एंड'ला ट्रेझरीच्या खिडकीशी बिलं घेऊन बसलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही, फक्त खेळ उलटा: आपण पैसा संपवायला धावतो, ते खर्च लांबवायला. ॲरिझोनाने जानेवारी २०१० मध्ये स्वतःच्या विधिमंडळाच्या इमारतींसह सरकारी मालमत्ता गुंतवणूकदारांना विकून भाड्याने परत घेतल्या, ७३.५ कोटी डॉलर उभे केले. ज्या राज्याने पुढे फिनिक्सची परिषद भरवली, तेच हे. न्यू जर्सीत २००४ मध्ये कर्जाने आणलेला पैसा 'महसूल' म्हणून दाखवला होता. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालय म्हणालं, उधारी म्हणजे महसूल नव्हे. त्या वर्षीचं बजेट मात्र चालू दिलं, कारण जुलै उजाडला होता आणि राज्य बंद ठेवता येत नव्हतं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, अमेरिकन लबाड. आम्ही कार्यालयात या युक्त्यांना नावं ठेवायचो आणि रात्री दोन वाजता आमदारांना त्यांची यादीही काढून द्यायचो. पर्याय असायचा शाळांचं अनुदान भर वर्षात कापण्याचा. नियम कडक असला की माणसं हिशेब वाकवतात, आणि नियम घटनेत असला तर न्यायाधीशांना हिशेबनीस व्हावं लागतं. केंद्राच्या बजेटवर असा खटला आला तर न्यायालय काय करणार? सैन्याचा खर्च कापणार की पेन्शन? की कर लावणार?

भारताचा अनुभव फार वेगळा नाही. वित्तीय जबाबदारीचा केंद्रीय कायदा २००३ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. केंद्राने बरीच वर्षं अन्न महामंडळाला अनुदान देण्याऐवजी अल्पबचत निधीतून कर्ज मिळवून दिलं आणि तेवढी तूट कागदावरून गेली. फेब्रुवारी २०२१ च्या बजेटमध्ये ती उघड वहीत आणली. आणि केरळ-केंद्र वाद पाहा: राज्याच्या कंपनीने काढलेलं कर्ज राज्याच्या मर्यादेत धरायचं का, हा मूळ झगडा. राज्यांच्या कर्जाबद्दलच्या कलम २९३ खाली केंद्र धरायचं म्हणालं, केरळ सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये ते प्रकरण घटनापीठाकडे सोपवलं गेलं. फरक इतकाच की आपल्या कलम ३६८ मध्ये राज्यांना दुरुस्ती सुचवण्याची वाटच नाही. काही ठरावीक तरतुदींवर निम्म्या राज्यांची संमती लागते, तीही संसदेने मंजूर केल्यावर. महाराष्ट्राने कितीही ठराव केले तरी त्यातून परिषद निघत नाही.

मला कुणी डावी समजू नये. अमेरिकेच्या केंद्राचं कर्ज ऑक्टोबर १९८१ मध्ये एक लाख कोटी डॉलर झालं होतं, ऑक्टोबर २०२५ मध्ये ३८ लाख कोटी. २०२४ मध्ये निव्वळ व्याज संरक्षणाच्या खर्चाला मागे टाकून गेलं. काळजी वाटणारच. आणि राज्यांचा रेटा वाया गेला असंही म्हणवत नाही: १९८५ चा ग्रॅम-रडमन-हॉलिंग्ज कायदा, तुटीवर आपोआप कात्री लावणारा, त्याच वातावरणात झाला. १९९५ मध्ये हाउसने ३०० विरुद्ध १३२ ने दुरुस्ती मंजूर केली आणि सिनेटमध्ये ती एका मताने पडली. रिपब्लिकनांतले एकटे मार्क हॅटफिल्ड अडून बसले. १९९७ मध्ये पुन्हा एका मताने. गंमत म्हणजे १९९८ ते २००१ अशी सलग चार वर्षं केंद्राचं बजेट दुरुस्तीशिवाय शिलकीचं होतं.

आता ते शून्य. राज्यांच्या एकूण महसुलात साधारण तिसरा हिस्सा केंद्राकडून येतो. गरिबांच्या आरोग्ययोजनेचा, मेडिकेडचा, किमान अर्धा खर्च केंद्र उचलतं. मंदी आली की राज्याचे कर आटतात आणि नेमकी तेव्हाच मेडिकेडची रांग वाढते. रोजच्या खर्चासाठी राज्याला कर्ज काढायला मनाई, मग ते तगतं कसं? २००९ मध्ये तगलं ते केंद्राच्या उत्तेजन निधीवर. २०२१ मध्ये केंद्राने राज्यं आणि स्थानिक संस्थांना ३५,००० कोटी डॉलर दिले, कर्ज काढून. राज्यांचं संतुलन वरच्या तुटीवर उभं असतं. त्या २००९ च्या उन्हाळ्यात आमचं बजेट ज्या रात्री जुळलं, तेव्हा शेवटची भली मोठी रक्कम वॉशिंग्टनची होती, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

पुढे ठराव आला तेव्हा एका तरुण सहकाऱ्याने विचारलं, टिपणात एवढं तरी लिहायचं का, की दुरुस्ती झाली तर केंद्राचं अनुदान घटू शकतं? वरिष्ठ म्हणाले, परिषद होईल का, दुरुस्ती कशी असेल, ३८ राज्यं मानतील का, यातलं काहीच ठरलेलं नाही. अंदाजावर आकडा लिहायचा नाही, हा आपला नियम. नियम बरोबर होता. मी सही केली.